पूर्वेला फिरवलेल्या दाराचा खटका

मी खटका बोलतोय. दाराचा खटका. तुमच्या घरच्या कपाटाला असतो तसला बोटभर नव्हे. मी मनगटाएवढा जाड आणि हातभर लांब आहे, नुसतं भरीव लोखंड. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका तंबाखूच्या कारखान्यात प्रेसचं दार धरून उभं राहण्यात माझी सतरा वर्षं गेली.

आत्मवृत्त म्हटलं की तुम्हाला काय हवं असतं ते मला ठाऊक आहे. फाटकी छत्री रडते, पडका किल्ला उसासे टाकतो. सगळ्यांची तक्रार एकच, आम्हाला विसरलात, आम्हाला टाकून दिलंत. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. मला वेळेवर टाकून दिलं नाही. मी भंगारात जायच्या लायकीचा झालो होतो तेव्हा मला ठेवून घेतलं आणि पुढे तर माझी पूजा केली. त्यापायी एका बाईचा हात निकामी झाला. आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून तिच्याच सुनेला त्याच जागी, माझ्यासमोर आणून बसवलं. त्या पोरीला काही व्हायच्या आत मला काढा, असं मी दिवसभर ओरडत होतो. पण लोखंड ओरडलं तर लोक म्हणतात, तेल घाला, करकरतंय.

माझा जन्म अमरावतीचा. बडनेरा रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात ट्रकच्या तुटलेल्या एक्सलचा तुकडा तापवून मला घडवलं आणि भातकुलीकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाच्या प्रेसला बसवलं. तिथे एक म्हातारे मिस्त्री होते. अमावस्येला कारखाना बंद असायचा, तेव्हा ते मला उतरवून मांडीवर घ्यायचे, माझ्या दातावरून अंगठा फिरवायचे, झिजलेला वाटला की वेल्डिंगने भरून घ्यायचे आणि कानशीने घासून पुन्हा धार द्यायचे. दात म्हणजे माझं टोक. दाराच्या खाचेत अडकतं ते. तो दात शाबूत तर मी खटका, नाहीतर नुसता दांडा. मिस्त्रींना हे कळत होतं, कारण दार उघडताना ते स्वतः समोर उभे असायचे.

पुढे ते जिनिंग बंद पडलं आणि अख्खा प्रेस अकोल्याला आला. कुलदीपभाऊंच्या वडिलांनी तो तंबाखूसाठी घेतला होता. आता ते घरीच असतात, कारखाना कुलदीपभाऊ बघतात.

प्रेस कसा असतो ते सांगतो, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. एक लोखंडी पेटी. वरून दट्ट्या उतरतो आणि पेटीतला तंबाखू दाबतो. पेटीला पुढे दार. दाबून झालं की दार उघडायचं, गठ्ठा बाहेर ओढायचा आणि बारदानात शिवायचा. कापूस दाबला तर वर उसळतो. तंबाखूचं तसं नाही. पान चुरू नये म्हणून त्याला पाण्याचा हबका मारतात, आणि ओला तंबाखू दाबला की बाजूला फुगतो. सगळा जोर दारावर. दार कोणी धरलंय? मी.

शहाणपणाची रीत अशी की आधी दट्ट्या वर घ्यावा, तंबाखूला जरा श्वास घेऊ द्यावा, मग दार उघडावं. पण तसं केलं तर गठ्ठा ढिला होतो, बारदानात नीट बसत नाही. म्हणून आमच्याकडे दट्ट्या खाली असतानाच दार उघडायचे. दार असं तट्ट फुगलेलं, मी खाचेत चिमटलेला, हाताने निघणं शक्य नाही. मग हातोडा. प्रेस चालवणारा गुणवंत तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून बाजूला उभा राहायचा आणि मला खालून तीन घाव घालायचा. पहिल्या घावाला मी हलायचो, दुसऱ्याला सरकायचो, तिसऱ्याला सुटायचो. दिवसाचे साठ-सत्तर गठ्ठे, प्रत्येकी तीन घाव, सतरा वर्षं. हिशेब तुम्ही करा. माझा दात झिजून झिजून तुरीच्या दाण्याएवढा उरला.

दात झिजल्यावर मी कधी कधी पहिल्याच घावाला सुटू लागलो. दार तोफेसारखं उघडून समोरच्या भिंतीवर आदळायचं. भिंतीचा गिलावा पडून आतल्या विटा दिसायला लागल्या होत्या. लोक हसायचे. "खटका भडकला बे," म्हणायचे आणि पुढचा गठ्ठा भरायला घ्यायचे. त्या वेळी माझं दार दक्षिणेकडे होतं. समोर दार पोचेल एवढ्याच अंतरावर भिंत, मध्ये कोणी नाही. माझा सगळा दोष त्या बिचाऱ्या भिंतीने पोटात घातला. एकट्या जानरावांना हसू यायचं नाही. जानराव आमचे फिटर. ते त्या उघड्या विटांकडे बघून मान हलवायचे.

मागच्या वर्षी कारखान्याची मोटर लागोपाठ दोनदा जळाली आणि कुलदीपभाऊंचे वडील आजारी पडले. झालं! मोटर जळाली कारण वायरिंग जुनं. वडील आजारी पडले कारण वय ऐंशी. पण कुलदीपभाऊंना कोणीतरी मोरोपंतांचं नाव सांगितलं. मोरोपंत हे निवृत्त शिक्षक, हल्ली लोकांची घरं-दुकानं वास्तुशास्त्राने तपासून देतात. ते होकायंत्र घेऊन आले, कारखान्यातून एक फेरी मारली आणि माझ्यासमोर थांबले.

"अहो, यंत्राचं तोंड दक्षिणेला? ही यमाची दिशा आहे कुलदीपराव. पूर्वेला फिरवा. सूर्याकडे तोंड करून काम करू द्या त्याला."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हे. बदलायचं वायरिंग आणि फिरवायचा प्रेस!

आता पूर्वेला काय होतं ते ऐका. तिथे भिंत नव्हती. तिथे बायका बसायच्या. आठ-दहा जणी ओळीने बसून तंबाखूतल्या काड्या वेचायच्या आणि त्यांच्या पुढे, अगदी प्रेसजवळ, एका फळीवर माणिकबाई. माणिकबाईंचं काम गठ्ठा शिवण्याचं. बाळापूर रस्त्यावरच्या एका खेड्यातून काळीपिवळीने यायच्या. हातात वीतभर दाभण, आणि त्यांनी घातलेला टाका असा की गठ्ठा ट्रकवरून पडला तरी उसवायचा नाही. कारखान्यात माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे माणिकबाई. "काय रे बाबा, भूक लागली काय? दात पडून राहिला तुहा," असं त्या म्हणायच्या. ज्यांनी बघायला हवं होतं त्यांनी बघितलं नाही, आणि शिवणाऱ्या बाईने येता-जाता बघितलं.

अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त निघाला. क्रेन आली, नवा पाया भरला होता, प्रेस उचलून पूर्वेला तोंड करून ठेवला. नारळ फुटला, पेढे वाटले. मोरोपंत निघताना म्हणाले, "आता वर्षभर याला हलवू नका. जागा स्थिर होऊ द्या."

जानराव पेढा हातात धरूनच कुलदीपभाऊंकडे गेले. "भाऊ, दार फिरवलं तं खटकाबी बदलून घ्या. तिकडं भित होती. इकडं बाया बसतेत."

"पाहू न जानरावजी. आजच्या दिवशी अभद्र काहून बोलता? पेढा खा."

बायकांना तिथून हलवावं, हे तरी कोणाला सुचावं? नाही सुचलं. माणिकबाईंची फळी हलवली तर गठ्ठा चार पावलं जास्त ओढावा लागला असता. तेवढी चार पावलं वाचवली.

जानरावांनी पेढा खाल्ला की नाही ते मला दिसलं नाही. पण पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी घरच्या अंगणात, ट्रॅक्टरच्या जुन्या पाट्याचं लोखंड घेऊन नवा खटका घडवला. मी तो पाहिला तेव्हा, खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. त्याला दोन दात आणि एक मूठ होती. मूठ ओढून पहिला दात सुटला की दार फक्त दोन बोटं उघडायचं आणि दुसऱ्या दातावर अडकून राहायचं. त्या दोन बोटांच्या फटीतून आतला जोर निघून जायचा. मग दहा आकडे मोजायचे, मूठ वर उचलायची, तेव्हा दुसरा दात सुटायचा. कितीही हातोडा मारा, दुसरा दात हातोड्याने सुटतच नव्हता. शेंबड्या पोरालाही कळेल इतकी साधी गोष्ट, पण ती करायला जानराव लागले.

कुलदीपभाऊंनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "मस्त बनवला जानरावजी. पण मोरोपंतांनी वर्षभर हात लावू नका म्हणून सांगतलं न. पुढच्या अखजीले बसवू." शिवाय एका गठ्ठ्यामागे दहा आकडे मोजायचे म्हणजे दिवसभरात किती वेळ जाईल, हेही त्यांच्या मनात आलं असणार. ते बोलले नाहीत. नवा खटका एका पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यांच्या केबिनमधल्या बाकाखाली गेला. पोत्यात काय आहे ते मला माहीत होतं, जानरावांना माहीत होतं, भाऊंना माहीत होतं. तिघांपैकी ज्याला हात आणि अधिकार दोन्ही होते तो पेपर वाचत बसला.

मग पोळा आला. वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर माणसाचं कामात लक्ष लागलं तर ते माणूस वऱ्हाडातलं नव्हे. कोणाला बैल सजवायचे, कोणाला नुसते बघायचे. गुणवंताला गावी जायची घाई होती. दुपारी एकच्या सुमारास शेवटचे तीन गठ्ठे उरले होते. माणिकबाई आधीच्या गठ्ठ्याचा शेवटचा टाका घालत खाली वाकल्या होत्या. पावसाळी हवा, तंबाखू नेहमीपेक्षा ओला, दार नेहमीपेक्षा फुगलेलं. गुणवंत ओरडला, "काकू, सरका!" आणि त्या सरकायच्या आत त्याने घाव घातला.

मी पहिल्याच घावाला सुटलो.

मला धरता आलं असतं तर मी धरलं असतं. दात नव्हता. दार गेलं ते थेट माणिकबाईंच्या उजव्या खांद्यावर. हाडाचा आवाज मी ऐकला. तो कापसाच्या, तंबाखूच्या, लोखंडाच्या कुठल्याच आवाजासारखा नव्हता. दाभण त्यांच्या हातातून उडून माझ्यापाशी येऊन पडलं.

कुलदीपभाऊंनी त्यांना स्वतःच्या गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं, चार दिवस तिथून हलले नाहीत, चांगल्यातला चांगला डॉक्टर बघितला. माणूस वाईट नाही, आणि याचीच मला जास्त चीड येते. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं. या भल्या माणसाने चार दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून काढले, पण केबिनमधल्या बाकाखालून एक पोतं ओढायला त्याला चार मिनिटं मिळाली नाहीत. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे बैल गेला तरी झोपा करायचं कोणाच्या मनात नव्हतं.

माणिकबाईंचा हात वाचला, पण खांद्याच्या वर जात नाही. दाभण धरता येत नाही. स्वतःचा अंबाडासुद्धा सून घालून देते. ही सून म्हणजे पौर्णिमा, पंचवीस-सव्वीस वर्षांची, हाताने चपळ. घरात कमावणारी एक बाई कमी झाली, तर तिच्या जागी तिची सून घ्यावी हा कुलदीपभाऊंचा चांगुलपणा! गणपती उठले त्या आठवड्यात पौर्णिमा कामावर आली. तीच फळी, तीच जागा, तेच दाभण. तिच्यासमोर मी, तुरीच्या दाण्याएवढा दात घेऊन.

मला वाटलं होतं, निदान आता मला काढतील. त्याऐवजी खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. मला वाटतं गुणवंतानेच टूम काढली असावी, की खटक्याने रक्त घेतलं, तो जागृत आहे, त्याला मान द्यायला पाहिजे. त्याच्या छातीवर स्वतःच्या घावाचं ओझं होतं, ते त्याने माझ्यावर ढकललं. आणि कारखान्यातल्या एकाही शहाण्याने त्याला, "गुणवंता, दात बघ," असं म्हटलं नाही. त्यांनी मला शेंदूर फासला. झेंडूचा हार घातला. लिंबू कापलं. ज्या लोखंडाला हातकडी घालायची, त्याला हार!

आणि शेंदूर लावल्यावर मी देव झालो. आता मला काढणार कोण? फिटरच्या पान्याला देवाचं बोल्ट ढिलं करायची परवानगी असते का? जानराव एकदा पाना घेऊन आले तर दोघी-तिघी बायका घाबरून म्हणाल्या, "नका जी जानरावभाऊ, कोपला तं?" तेही पाना खिशात घालून गेले. त्यांच्यावरही माझा राग आहे. दोन दातांचा खटका घडवणाऱ्या माणसाला दोन शब्द जोरात बोलता येऊ नयेत?

सगळ्यात वाईट सकाळ असायची. पौर्णिमा फळीवर बसण्याआधी माझ्यापुढे यायची, दोन बोटं मला लावून कपाळाला टेकवायची. "बाबा, सांभाळ," म्हणायची आणि मग माझ्याच तोंडासमोर जाऊन बसायची. अगं पोरी, ज्याच्यापासून सांभाळायचं त्यालाच सांगतेस? मला बोलता आलं असतं तर पहिला शब्द "पळ" असा निघाला असता. दिवसाला साठ वेळा हातोडा, साठ वेळा मी उरलासुरला दात खाचेत रोवून धरायचो आणि साठ वेळा वाटायचं, ही शेवटची.

दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत माणिकबाई आल्या. पौर्णिमा घाईत डबा विसरली होती, तो घेऊन. उजवा हात पदराच्या झोळीत. बायकांनी त्यांना घेरलं, विचारपूस झाली, पाणी झालं. घंटा झाली तशी गुणवंताने दट्ट्या खाली आणून गठ्ठा दाबला आणि हातोडा उचलला. पौर्णिमा उठली, माझ्यापाशी आली आणि नेहमीप्रमाणे पाया पडली.

"हे काय करून राहिली व?" माणिकबाईंनी विचारलं.

"पाया पडून राहिली आत्याबाई. गुणवंतभाऊनं सांगतलं, रोज पाया पडलं का खटका भडकत नाई."

"दर दसऱ्याले मी काय लाथ मारत होती काय त्याले? पायाच पडत होती न? मंग माहा हात काहून मोडला?"

माणिकबाई पुढे आल्या आणि डाव्या हाताने पदराचं टोक धरून माझा शेंदूर पुसायला लागल्या. मागून काड्या वेचणारी लीलाबाई ओरडली, "अवं माय! कोपन न तो!"

"कोपू दे. एक हात उरला माह्याजवळ, तोबी घेऊन जाय म्हणा त्याले."

शेंदूर निघाला, त्याखालचं काळं तेल निघालं आणि माझा दात सगळ्यांना दिसला. शेंदूर लागल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी मला नीट बघितलं. माणिकबाईंनी त्या दातावर नख टेकवलं. "हे पाह्य. हे पाह्य तुमचा देव. एवढ्याशा दाण्यावर माही सून बसवून ठेवली तुमी."

मग त्यांनी पौर्णिमेला दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतः फळीवर बसल्या. माझ्यासमोर, त्या दिवशी बसल्या होत्या तशाच.

"मार गुणवंता हातोडा."

"काकू, बाजूले व्हा न जी."

"काहून? पौर्णिमा बसते तवा नाई म्हणत बाजूले हो. मार."

गुणवंताचा हात खाली आला. हातोडा जमिनीला टेकला. कोणीतरी कुलदीपभाऊंना बोलावून आणलं.

"माणिकबाई, काहून तमाशा करून राहिल्या? दवाखान्यात मी काही कमी पडू देलं काय तुमाले?"

"नाई जी भाऊ. सख्खा भाऊ करणार नाई तेवढं केलं तुमी. पण मले आता दवाखाना नाई पायजे, खटका पायजे. जानरावभाऊनं बनवलेला."

"वर्षभर हात लावता येत नाई त्याले. मोरोपंतांनी सांगतलं हाये."

"मंग इचारा त्याइले. माह्यासमोर इचारा."

कुलदीपभाऊंनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. मोरोपंतांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, मी यंत्र जागेवरून हलवू नका म्हणालो. खटका बदलू नका असं कुठे म्हणालो? माझ्या घराच्या दाराची कडी मी गेल्याच महिन्यात बदलली." मग म्हणाले, "आणि तिथे समोर माणसं बसतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

तुम्ही विचारलं नव्हतं, मोरोपंत. होकायंत्रात दिशा दिसल्या, आणि दहा बायका दिसल्या नाहीत.

फोन बंद झाला. कुलदीपभाऊ म्हणाले, "बरं, पाहू. उद्या..."

"उद्या नाई," माणिकबाई फळीवरून उठल्या. "एक काम करा भाऊ. आजचा एक गठ्ठा तुमी बसा इथं. गुणवंत मारीन हातोडा. तुमाले वाटते न काही होत नाई म्हणून? बसा."

कुलदीपभाऊंनी फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या दाताकडे बघितलं. एक पाऊल पुढे टाकलं. आणि ते थांबले.

ते बसले नाहीत.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मला जेवढं माहीत होतं, जानरावांना जेवढं माहीत होतं, तेवढंच त्यांनाही माहीत होतं. मोरोपंत, मुहूर्त, शेंदूर हे सगळं वरून घातलेलं बारदान. पौर्णिमेला जिथे रोज बसवत होते तिथे त्यांना स्वतःला एक गठ्ठा बसवलं नाही. त्यांचं तोंड उतरलं. ते माणिकबाईंकडे न बघता म्हणाले, "जानरावजी, दट्ट्या वर घ्या. बाकाखालून ते पोतं काढा."

अर्धा तास दट्ट्या वर ठेवला. सगळ्यांना लांब उभं केलं. मग जानरावांनी मला काढलं, पान्याचे सहा वेढे, आणि जमिनीवर ठेवलं. संध्याकाळी पाचच्या आत नवा खटका बसला. पहिला गठ्ठा दाबला, गुणवंताने मूठ ओढली, दार दोन बोटं उघडून अडकलं आणि आतून तंबाखूचा एक लांब उसासा बाहेर आला. गुणवंत मोठ्याने आकडे मोजायला लागला. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला बायकाही त्याच्याबरोबर मोजायला लागल्या. दहा झाले, त्याने मूठ उचलली, दार सावकाश उघडलं. पौर्णिमा गठ्ठ्यापाशी गेली आणि शिवायला बसली. मी खाली पडल्या पडल्या बघत होतो. मला आनंद झाला, आणि त्या आनंदातही राग होता. हे सगळं अखजीच्या दिवशी होऊ शकलं असतं.

वाटलं, आता सुटलो. पण दुसऱ्याच दिवशी एक पाहुणा आला, बाळापूरकडचा. त्याचाही असाच प्रेस. मला पायाने उलटं करून म्हणाला, "कुलदीपभाऊ, याचं काय करता? जुनं लोखंड हाये, लय मजबूत. थोडा दात भरून घेतला का आमच्याकडं बसून जाईन." आणि कुलदीपभाऊ म्हणणारच होते, न्या. त्यांच्या तोंडावर मला ते दिसलं. अजून काल झालेलं वाळलं नव्हतं!

माणिकबाई कारखान्याच्या दारात होत्या. पौर्णिमेबरोबर आल्या होत्या, नवा खटका आज कसा चालतो ते बघायला. त्या येऊन माझ्यापाशी खाली बसल्या.

"हा इथून अख्खा जाणार नाई," त्या म्हणाल्या. "याचे तुकडे करा, मंगच उठीन मी. त्याइच्या प्रेससमोरबी कोणाची सून बसत असन."

पाहुणा हसला. कुलदीपभाऊ हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या वर्कशॉपातून गॅस कटर मागवला.

तर मी आता इथे, फरशीवर पडलो आहे आणि जानराव सिलिंडरची नळी जोडत आहेत. थोडाच वेळ आहे, म्हणून तुम्हाला एक सांगतो. तुमच्या गिरणीत, तुमच्या कारखान्यात, तुमच्या शेतातल्या मळणीयंत्रावर माझ्यासारखं काहीतरी असेलच. झिजलेलं, तीन घावांनी चालणारं, "चालतंय न" म्हणून ठेवलेलं. त्याला हार घालू नका. त्याच्या समोर कोण बसतं ते बघा आणि एकदा तिथे स्वतः बसून बघा. बसवत नसेल तर ते आजच काढा. उद्याचा मुहूर्त शोधू नका.

जानरावांनी चष्मा चढवला. निळी ज्योत पेटली. ते माणिकबाईंना विचारत आहेत, "कुठून कापू बाई?"

त्यांनी डावा हात पुढे केला आणि माझ्या अंगावर, बरोबर मधोमध, बोट टेकवलं.

"इथून," त्या म्हणाल्या. "आणि मंग त्या अर्ध्यांचेबी दोन-दोन करा."